नव्या लॅपटॉपवर जुन्या फाइली दिसतात, घाईनं टाकून देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून द्यायचं छोटं दुकान चालवते. लग्नपत्रिका, बारशाच्या नि वास्तुशांतीच्या पत्रिका, पारायण सप्ताहाची पत्रकं, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि अलीकडं दुकानांच्या पाट्या, असं सगळं काम येतं. आमच्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही लागतंच, त्यामुळं एकाच कॉम्प्युटरवर मराठीचे जुने फॉन्ट पण आहेत आणि कन्नडसाठी नुडी, बरह पण आहे. पत्र लिहायचं कारण असं की गेल्या काही महिन्यांत सात-आठ जण तरी माझ्याकडं एकच तक्रार घेऊन आले, नवीन लॅपटॉप घेतला आणि जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर नीट दिसंना, कुणाची अक्षरं बारीक झालीत, कुणाची धूसर झालीत, कुणाला सगळ्या चौकटीच चौकटी दिसतात, आणि विकणाऱ्यानं सांगितलं की हे आता चालत नाही, टाकून द्या. त्यातल्या दोघांनी खरंच टाकून दिलं. एका मंडळाच्या वीस वर्षांच्या स्मरणिका होत्या त्यात, देणगीदारांची नावं, गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी, सगळं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही म्हणून लिहायला बसले.

हे सगळं एकदम आत्ताच का उपटलं तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला, आणि आमच्यासारख्या बऱ्याच जणांची जुनी मशिनं विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून दिवाळीच्या आसपास लोकांनी धडाधड लॅपटॉप घेतले. मी पण घेतला, तुळशीच्या लग्नानंतर सीझन चालू होतो त्याच्या आत हातात असावा म्हणून. १४ इंची, स्क्रीन १९२० बाय १०८० ठिपक्यांची. त्यावर पेजमेकर ७ हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर टाकलं, फॉन्ट टाकले, जुनी पत्रिकेची फाइल उघडली तर मेनू मोहरीएवढे, आणि ते मोठे करायला म्हणून काहीतरी सेटिंग केलं तर सगळं पान धुक्यात बघितल्यागत. मला वाटलं डोळ्यांचा नंबर वाढला असेल. तशातच एक पत्रिका केली, ४०० प्रती, लग्नस्थळ नंदगड. स्क्रीनवर नंदगडच्या नं वरचा टिंब शिरोरेघेत मिसळून गेला होता, तो आहे का नाही ते मला कळलंच नाही, आणि छापून आलं ते नदगड. मुलीचे वडील काही बोलले नाहीत, फक्त पत्रिका हातात धरून त्या शब्दावर बोट ठेवलं. सगळ्या प्रती माझ्या खर्चानं परत छापून दिल्या. त्या दिवशी ठरवलं की हे काय आहे ते मुळापासून समजून घ्यायचं.

माझी भाची बेळगावला इंजिनिअरिंगला आहे, ती शनिवारी आली आणि आम्ही दोघी रात्री एक वाजेपर्यंत बसलो. तिनं समजावलं ते इतकं साधं आहे की सगळ्यांना कळायला पाहिजे. जुनी सॉफ्टवेअरं लिहिली त्या काळात विंडोज असं धरून चालायचं की स्क्रीनच्या एका इंचात ९६ ठिपके, यालाच डीपीआय म्हणतात. पेजमेकर ७ हे २००१ सालचं, त्याची पुढची मोठी आवृत्ती आलीच नाही, त्यामुळं ते आजही ९६ च धरून बसलंय. आणि माझ्या १४ इंची लॅपटॉपवर एका इंचात जवळजवळ १५७ ठिपके आहेत. म्हणजे जे बटण पूर्वी नखाएवढं दिसायचं ते आता दीड पटीपेक्षा जास्त आकसलं. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही नि लॅपटॉपचा पण नाही, दोघांच्या मधे पंचवीस वर्षं आहेत एवढंच. विंडोज मग मधे पडतं, ते त्या जुन्या सॉफ्टवेअरला म्हणतं तू तुझ्या ९६ नं चित्र काढ, मी ते ओढून दीडपट मोठं करतो. पासपोर्ट फोटो झेरॉक्सवर मोठा केला की कसा फुटतो तसंच ते फुटतं. धूसर दिसतंय ते त्यामुळं.

आता उपाय. सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग कंपॅटिबिलिटी, तिथं खाली चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज असं बटण असतं. ते दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीत खालच्या बाजूला ओव्हरराइडचा चौकोन आहे, त्यात टिक करायची, मग तीन पर्याय मिळतात. ॲप्लिकेशन निवडलं की अक्षर एकदम स्वच्छ पण सगळं बारीक. सिस्टिम निवडलं की आकार बरोबर पण धूसर. तिसरा सिस्टिम एन्हान्स्ड, हा २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून आला, यात विंडोज जुन्या पद्धतीनं काढलेली अक्षरं नुसती ताणत नाही, मोठ्या मापात नव्यानं काढायचा प्रयत्न करतं. सगळ्याच सॉफ्टवेअरना तो लागू पडत नाही पण करून बघायला दोन मिनिटं लागतात. माझ्याकडं मेनू नि डायलॉग स्वच्छ झाले, पानावरचा मजकूर थोडा मऊ राहिला. म्हणून मी आता प्रूफ बघताना ॲप्लिकेशनवर ठेवते आणि पान २०० टक्के झूम करून वाचते, मेनू बारीक राहिले तरी चालतात कारण मला ते हातानं पाठ आहेत. टिंब, रफार, रुकार, वेलांटी, सगळं एकेक करून. प्रत्येक वेळी सेटिंग बदललं की सॉफ्टवेअर बंद करून परत उघडायचं, नाहीतर काही झालंच नाही असं वाटतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

अजून एक त्रास मी लोकांकडं बघितला, तो म्हणजे ओके बटणच दिसत नाही. संकेश्वरहून एक काका आले होते, त्यांच्या सोसायटीचं जुनं सभासद नोंदीचं सॉफ्टवेअर, ते म्हणाले, "आक्का, माहिती सगळी भरतोय, पण सेव्ह कुठं करायचं तेच दिसंना बघा." त्यांचा लॅपटॉप पण १९२० बाय १०८० चा, आणि त्याचं स्केल, म्हणजे सगळं किती मोठं दाखवायचं ते, कंपनीकडूनच १५० टक्क्यांवर लावून आलेलं. हिशोब करून बघा, १९२० भागिले दीड १२८०, आणि १०८० भागिले दीड ७२०. म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला वाटतंय की स्क्रीनची उंची ७२० आहे. आणि ते बनवलंय १०२४ बाय ७६८ च्या मॉनिटरसाठी. खालच्या ४८ ओळी कुठं जाणार? टास्कबारच्या खाली गडप. आणि ओके, सेव्ह, कॅन्सल ही बटणं बरोबर तिथंच असतात. डिस्प्ले सेटिंगमधे स्केल १५० चं १२५ केलं की उंची ८६४ होते, बटण वर येतं. त्यांचं काम तेवढ्यानंच झालं. सहा महिने हा माणूस वहीत लिहून ठेवत होता, मला खरंच वाईट वाटलं. घाईत असाल तर टॅब दाबत दाबत ओकेवर जाऊन एंटर मारता येतो, पण आंधळेपणानं एंटर मारणं हिशोबाच्या कामात बरं नाही.

तसंच प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर लावून काम केलं आणि मग काढला तर खिडकी त्या नसलेल्या मॉनिटरवरच उघडते, खाली टास्कबारमधे नाव दिसतं पण समोर काही नाही. ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणाची बटणं, खिडकी सरकत सरकत परत येते. शाळेतल्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

आता चौकटी. हा आमच्या सीमाभागाला जास्त लागणारा विषय म्हणून जरा सविस्तर. आपले जुने मराठी फॉन्ट आणि कन्नडचे नुडीसारखे जुने फॉन्ट हे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी आजची पद्धत, ती यांच्यात नाही. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं नि चिन्हंच आहेत, फक्त त्यांच्या जागेवर आपली अक्षरं चितारून ठेवलीत. इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं १२७ पर्यंतच्या खणांत मावतात, पण आपल्याला मात्रा, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं इतकी लागतात की १२८ ते २५५ पर्यंतचे खणही भरून जातात. नव्या विंडोजमधे एक सेटिंग आहे, रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, चेंज सिस्टिम लोकेल, तिथं बीटा म्हणून एक चौकोन असतो, जगातल्या सगळ्या भाषांसाठी युनिकोड यूटीएफ-८ वापरा असं लिहिलेला. नाव इतकं चांगलं की मराठीवाला माणूस हौसेनं त्यात टिक करतो. आणि नेमकं त्यानंच जुन्या सॉफ्टवेअरचा घात होतो, कारण ते वरचे सगळे खण त्या पद्धतीत एकेकटे वाचताच येत नाहीत, तिथं चौकट नाहीतर प्रश्नचिन्ह येतं. क दिसतो, क्ष जातो. कन्नडमधे अक्षराखाली जोडलेलं ओत्तक्षर गायब होतं. ती टिक काढायची, लोकेल इंग्लिश इंडिया ठेवायचं, मशिन रीस्टार्ट करायचं. मराठी नि कन्नड दोन्ही एका दमात परत येतात.

माझ्याकडं हे पाट्यांच्या कामात लक्षात आलं. कर्नाटकच्या २०२४ च्या कायद्यानुसार पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यायची असते, त्यामुळं एकाच फाइलमधे वर मोठं कन्नड नि खाली मराठी असं डिझाइन करावं लागतं, दोन्ही जुन्या फॉन्टमधे. एका किराणा दुकानाची पाटी उघडली तर वरच्या ओळीतली अर्धी अक्षरं आणि खालच्या ओळीतली पण अर्धी अक्षरं चौकटीत. गिऱ्हाईक बिचारा म्हणाला फाइल करप्ट झाली काय ओ. फाइल ठणठणीत होती. आदल्या दिवशी कुणीतरी युट्यूब बघून ती टिक केलेली.

बाकी छोट्या गोष्टी पटपट सांगते. लॅपटॉप फॉरमॅट करून आणल्यावर सगळंच मोठं नि ओबडधोबड दिसत असेल, ब्राइटनेस पण कमी होत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधे डिस्प्लेखाली बघा, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर असं लिहिलेलं असलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच पडलेला नाही, तो लॅपटॉप बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरून आपल्या मॉडेलचा घ्यायचा, दुसऱ्या कुठल्या साइटवरचा नको. लहान मुलांच्या जुन्या बाराखडीच्या, गोष्टींच्या सीड्या असतात त्यात चेहरे हिरवे नि आकाश जांभळं दिसत असेल तर ते सॉफ्टवेअर २५६ रंगांच्या काळातलं आहे, त्याच कंपॅटिबिलिटीच्या पानावर रिड्यूस्ड कलर मोड आहे, तिथं ८ बिट निवडायचं, आणि चित्र कोपऱ्यात एवढंसं दिसत असेल तर ६४० बाय ४८० ची टिक करायची. गोल चेंडू अंड्यासारखा आडवा दिसत असेल तर जुनी चौकोनी स्क्रीन नव्या रुंद स्क्रीनवर ताणली गेलीय, ग्राफिक्सच्या सेटिंगमधे मेन्टेन आस्पेक्ट रेशो निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील त्या येऊ देत.

जे खरोखरच चालणार नाही ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर लोक उगाच आशेवर राहतील. विंडोज ९५ च्या आधीची १६ बिटची सॉफ्टवेअरं ६४ बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही. त्यातली डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पद्धतीची असतील तर डॉसबॉक्समधे, आणि विंडोजची असतील तर व्हर्च्युअलबॉक्समधे जुनी विंडोज टाकून चालवायची, म्हणजे लॅपटॉपच्या आत एक जुना कॉम्प्युटर उघडतो आणि तो १०२४ बाय ७६८ लाच राहतो. त्या आतल्या जुन्या विंडोजला इंटरनेट मात्र देऊ नका, विंडोज एक्सपीचासुद्धा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, सुरक्षेचं काही राहिलेलं नाही.

आणि सगळ्यात चांगला उपाय मला शेवटी सापडला, तो माझ्या माळ्यावर होता. जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर, १२८० बाय १०२४ चा, दुकानातला पहिला फ्लॅट मॉनिटर म्हणून मी टाकला नव्हता. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर आणला, लॅपटॉपला जोडला, विंडोज आणि पी दाबून फक्त दुसरी स्क्रीन निवडली, स्केल १०० टक्के केलं, साइन आउट करून परत साइन इन केलं. पेजमेकर उघडलं आणि भाची नि मी एकमेकींकडं बघतच राहिलो. मेनू पूर्वीच्याच आकाराचे, अक्षर कोरल्यागत, नंदगडचा टिंब शिरोरेघेवर वेगळा उठून दिसला. भाचीनं कॅल्क्युलेटर काढून हिशोब केला, त्या मॉनिटरवर एका इंचात ९६ ठिपके येतात. बरोब्बर जेवढे त्या सॉफ्टवेअरनं धरलेत तेवढेच. असले मॉनिटर आज भंगारात वजनावर जातात. तुमच्या घरी, शाळेत, सोसायटीत असेल तर कृपा करून विकू नका.

आता माझं खरं म्हणणं. हे सगळं मी चालवून दाखवते म्हणजे लोकांनी कायम जुन्यावरच बसावं असं नाही. जुनं सॉफ्टवेअर दिसायला लागलं की पहिलं काम त्यातला माल बाहेर काढायचं. प्रत्येक फाइल उघडायची, प्रिंटमधे मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडायचं आणि पीडीएफ करून ठेवायची. मग ते पान फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर पण जसंच्या तसं दिसतं. ज्याचा मजकूर परत वापरायचा आहे तो युनिकोडमधे बदलून घ्यायचा, पण तिथं डोळ्यांत तेल घालून वाचायला पाहिजे. जुन्या फॉन्टात कि लिहिताना आधी वेलांटी नि मग क साठवलेला असतो, युनिकोडात आधी क मग वेलांटी. धर्म मधला रफार जुन्यात म च्या नंतर असतो, युनिकोडात म च्या आधी पाय मोडलेला र म्हणून येतो. बदलणारं सॉफ्टवेअर इथंच चुकतं, आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचे खण वेगळे म्हणून एकाचं दुसऱ्याला चालत नाही. दोनशे पानांची स्मरणिका असेल तर वाचायला चार माणसं लागतात. पण ती माणसं आज आहेत. हे फॉन्ट ज्यांनी वापरले, ज्यांना फाइलमधलं नाव बघून माणूस आठवतो, ती पिढी आज साठी-सत्तरीत आहे.

आमच्या भागात मराठीत छापलेलं असं फार कुठं जपून ठेवलेलं नसतं. सरकारी कागद कन्नडमधे होतात, ते बरोबरच आहे, राज्याची भाषा ती आहे. पण गावचा सप्ताह कुणी चालू केला, शाळेची पहिली इमारत कुणाच्या जागेत उभी राहिली, वारीला पहिली दिंडी कुठून निघाली, हे सगळं निपाणीपासून खानापूरपर्यंत आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांच्या हार्डडिस्कवर पडलंय आणि दुसरीकडं कुठंच नाही. परवा एका मराठी शाळेची २००४ सालची अमृतमहोत्सवी स्मरणिका उघडली, मुख्याध्यापक शेजारी बसले होते, त्यात शाळेसाठी दगड वाहून आणलेल्या बायकांची यादी निघाली, एकवीस नावं. त्यांच्यातल्या एक त्यांच्या आजी. त्यांना हे माहीतच नव्हतं.

म्हणून दोन विनंत्या. एक आपल्याला, की रविवारच्या अंकात कोपऱ्यात एवढीशी जागा अशा अडचणींना द्यावी, लोकांनी विचारावं नि माहितगारांनी उत्तर द्यावं. आपल्या कचेरीतच जुन्या फॉन्टवरून युनिकोडवर जाताना हे सगळं ज्यांनी निस्तरलंय अशी माणसं असतील, त्यांच्याइतकं कुणाला कळणार. दुसरी लॅपटॉप विकणाऱ्या भावांना, की गिऱ्हाइकानं जुनं सॉफ्टवेअर दाखवलं तर नवीन घ्या म्हणायच्या आधी दहा मिनिटं वर सांगितलेलं करून बघा, आणि जुनी हार्डडिस्क पुसायच्या आधी चार वेळा विचारा.

खानापूर भागात कुणाच्या अशा फाइली अडकल्या असतील तर माझ्या दुकानात या, बाजारात डीटीपीवाली आक्का म्हणून विचारलं की कुणीपण सांगेल. बघायचे पैसे मी घेत नाही. रविवार सोडून कधीही, लग्नसराईत जरा संध्याकाळी सातनंतर. आणि येताना नुसती पेनड्राइव्हवर फाइल आणू नका, जुन्या फॉन्टची सीडी घरात कुठं कपाटात असेल ती पण आणा, आणि सॉफ्टवेअर चालू व्हायला कॉम्प्युटरच्या मागं लावायचं छोटं लॉक (डोंगल) असेल ते पण.

आपली नम्र,
एक डीटीपीवाली
खानापूर, जि. बेळगाव